आपण समाधानी आहात ना?

माणसाला बळजबरीने खायला घालता येतं, बळजबरीने नाचवताही येतं. पण बळजबरीने समाधानी करता येतं, हे मी टेक्सासमध्ये, अर्विंगच्या एका दवाखान्यात पाहिलं. हा उद्योग करणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे 'साहेब' म्हणायचो. 'सर' म्हटलेलं त्यांना खपत नसे. सर मास्तरांना म्हणतात असं त्यांचं मत होतं, आणि मास्तर या जमातीवर त्यांचा कसला तरी जुना राग होता. कसला, ते मला फार उशिरा कळलं.

दवाखाना धर्मादाय. एका बाजूला इंडियन ग्रोसरी, दुसऱ्या बाजूला नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान आणि मधल्या गाळ्यात आम्ही. इन्शुरन्स नसलेले लोक यायचे. घरांची छपरं घालणारे मेक्सिकन, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायका आणि आयटीतल्या मुलांकडे ग्रीन कार्डावर येऊन राहिलेले आपले म्हातारे-म्हाताऱ्या. मुलाचं घर चांगलं दुमजली, पण आईची रक्तदाबाची गोळी धर्मादाय दवाखान्यातून, हे तेव्हा अर्विंगमध्ये रोजचं होतं. मुलांना तरी काय बोलायचं? नव्याने आलेल्या म्हाताऱ्यांना इन्शुरन्स देताना कंपन्या तोंड फिरवायच्या.

मी तिथे दुभाषी होते, तीही फुकट. नागपूरला मी रीतसर एमबीबीएस होऊन प्रॅक्टिस करत होते. इथे नवऱ्याच्या व्हिसाला बांधून आले, आणि त्या व्हिसावर पगाराचं काम करायला मनाई. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा म्हाताऱ्यांचं दुखणं इंग्रजीत सांगावं म्हणून मी जायला लागले. साहेब मला पहिल्या दिवसापासून 'वहिनी' म्हणत. माझ्या नवऱ्याला त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. एकदा मी म्हटलं, "साहेब, मला डॉक्टर म्हटलंत तरी चालेल."

"इंडियात होता ना वहिनी," ते म्हणाले. "इथे म्हटलं तर लीगल इश्यू होतो."

असं काही बोलून झालं की ते कंबरेची बाटली काढत. पूर्वी लोक कंबरेला पेजर लावत तशी त्यांनी सॅनिटायझरची छोटी बाटली पट्ट्याला अडकवली होती. कुणाशी हात मिळवला की फुस्स, कुणी खोकलं की फुस्स. एकदा एका आजोबांनी वाकून नमस्काराला हात जोडले, तर त्यांच्या जोडलेल्या हातांवरच साहेबांनी फवारा मारला. आजोबांना वाटलं गुलाबपाणी आहे. त्यांनी ते डोळ्यांना लावलं आणि मग अर्धा तास डोळे धूत बसले.

पूर्वी साहेब सॉफ्टवेअरमध्ये होते. तिथल्या लोकांनी त्यांना का सोडलं ते मला माहीत नाही, आणि आमच्या बोर्डाने त्यांना का धरलं तेही नाही. अंगात सूट, गळ्यात कायम हिरवा टाय. आपण अस्सल पुण्याचे आहोत, पेठेतले आहोत, हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. कुठली पेठ, असं विचारलं की पेठ दर वेळी बदलायची. डब्यातली पोळी ते काटा-सुरीने कापून खात. मी बोलताना 'करून राहिले' म्हटलं की लगेच बोट वर करत. "वहिनी, असं म्हणत नाहीत हां. आमच्या पुण्यात तर नाहीच." मीही एकदा म्हटलं, "आमच्या नागपुरात पोळीचं ऑपरेशन नाही करत, साहेब." ते हसले नाहीत. त्यांना हसायचं फक्त दारापाशी माहीत होतं. ते पुढे येईल.

साहेब आले ते दवाखान्याचे सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवायला. काम वाईट नव्हतं, हे मला आधीच सांगायला हवं. आमच्या फायलींची दैना होती. रोझा नावाची आमची काउंटरवरची बाई फाइल शोधायला आत जायची ती प्यायला घेतलेली कॉफी थंड झाल्यावरच बाहेर यायची. कॉम्प्युटर आला याचा आनंद सगळ्यांत जास्त मलाच झाला होता. पण उंटावरच्या शहाण्याच्या हाती चांगली वस्तू दिली की तो तिचं काय करतो, ते मग पुढची वर्षं बघत बसावं लागलं.

साहेबांना रोग्यांच्या दुखण्यात रस नव्हता, त्यांच्या समाधानात होता. 'पेशंट सॅटिस्फॅक्शन' हे दोन शब्द ते नैवेद्य दाखवावा तसे हळूच उच्चारत. कुठल्याशा कॉन्फरन्सला जाऊन आले आणि तिथून एक मंत्र घेऊन आले. रोगी वैतागतो कशाने? तर तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारल्याने. काउंटरवर नाव आणि जन्मतारीख, मग नर्सपाशी तेच, मग डॉक्टरांपाशी तेच. एकदा कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर परत विचारायचं कशाला?

"विचारायचं नाही, बघायचं," ते म्हणाले, आणि तोच कायदा झाला.

रोझाला ताकीद मिळाली की आलेल्याचं दवाखान्याचं कार्ड घ्यायचं, त्याची पट्टी मशीनमधून ओढायची, समोर आलेल्या नावावर टिचकी मारायची. तोंड उघडायचं नाही. डॉक्टरांचं टेबल फिरवून भिंतीला लावलं, कारण कॉम्प्युटरची वायर तिथे होती. त्यामुळे डॉक्टर पडद्याकडे तोंड आणि रोग्याकडे पाठ करून बसायला लागले. एक मेक्सिकन आजी बाहेर येऊन रोझाला रडवेली होऊन म्हणाली की डॉक्टर माझ्यावर रागावलेत, माझं तोंडही बघत नाहीत. रोझाने ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी तिला विचारलं, "पण तिने बटण कुठलं दाबलं?"

आता बटणाचं सांगते. दाराशी एक पेटी होती. तिच्यावर तीन बटणं, हसरं हिरवं, मख्ख पिवळं आणि रडकं लाल. जाताना रोग्याने आपलं समाधान दाबून जायचं. गंमत म्हणजे साहेब स्वतः त्या पेटीशेजारी उभे राहायचे. दात दाखवत. तुम्ही बटण दाबेपर्यंत ते दात झाकत नसत. समोर सुटातला साहेब हात जोडून हसत उभा आहे आणि तुमचा मुलगा गाडी चालू ठेवून बाहेर थांबलाय, अशा वेळी लाल बटण दाबणारा माईचा लाल मला तरी दिसला नाही. त्यात आपली मंडळी! डॉक्टरकडे गेल्यावर वाईट बोलायचं नसतं हे आपल्या म्हाताऱ्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. पाय तुटला तरी 'आता बरं आहे हो' म्हणतील. एकदा एका काकांचं बोट पिवळ्याकडे वळताना मी पाहिलं. साहेबांनी झटकन त्यावर तळहात ठेवला. "सॉरी काका, हे आज चालत नाहीये." काकांनी मुकाट हिरवं दाबलं.

त्याहून कडी म्हणजे ती पेटी बोलायची. इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये आणि मराठीत. मराठीतला आवाज खुद्द साहेबांचा. कुणी दारापाशी आलं की पेटीतून साहेब विचारायचे, "आपण समाधानी आहात ना?" आणि पेटीशेजारचे साहेब मान डोलवायचे.

आवाजाची हौस तिथेच भागली नाही. दुभाषी म्हणजे वेळेचा अपव्यय, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमध्ये मराठी वाक्यं भरली, आपल्याच तोंडची. डॉक्टरने चित्रावर टिचकी मारली की आवाज यायचा. "कसे आहात?" "जीभ दाखवा." "दीर्घ श्वास घ्या." "गोळ्या वेळेवर घ्या." उच्चार एकदम स्वच्छ, अनुनासिकांसकट. मी म्हटलं, "साहेब, हे सगळं सांगायचं झालं. पेशंट उत्तर देईल ते डॉक्टरला कोण समजावणार?"

"उत्तर कशाला, वहिनी? सगळं स्क्रीनवर असतं."

मला त्यांनी बाहेर बाकांपाशी उभं केलं. येणाऱ्याला नमस्कार करायचा. त्यालाही एक इंग्रजी पद होतं, पण काम दारावरच्या तोरणाचं.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तसं मी तरीही बोलत राहिले. त्याला कारण होतं. कॉम्प्युटर सगळ्या नोंदी चाळून 'या दोन नोंदी एकाच माणसाच्या असू शकतात' अशा जोड्या काढून द्यायचा. आडनाव एक, जन्मतारीख एक, पत्ता आणि फोन एक, की जोडी. पण जोडायचं की नाही ते माणसाने ठरवायचं होतं. मशीनला तेवढी अक्कल होती. ठरवायला साहेब बसले होते.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "साहेब, आपल्या लोकांचं जपून करा. जन्मतारखेवर जाऊ नका. निम्म्या म्हाताऱ्यांची तारीख एक जून असते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? घरात कुणाला तारीख ठाऊक नसायची. 'पूर आला त्या साली', 'गाय व्याली त्या आठवड्यात' एवढंच. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर एक जून लिहून मोकळे. तीच पुढे दाखल्यावर, तीच पासपोर्टवर. आमच्या नागपूरच्या ओपीडीत एका रांगेत दहा जण एक जूनचे निघायचे."

साहेब पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "खेड्यापाड्यांत असेल असलं काही. मी पुण्याचा आहे वहिनी. मी तर ऐकलेलंही नाही."

"म्हणूनच सांगतेय ना. एका घरात दोन-दोन असतात."

"मला आपलं कल्चर शिकवताय?" ते म्हणाले आणि बाटली काढली. फुस्स.

त्यांचा स्वतःचा वाढदिवस ते कोजागिरीला करायचे. दर वर्षी दवाखान्यात सगळ्यांना कागदी पेल्यातून मसाला दूध. रोझाला ते फार आवडायचं. "हॅपी बर्थडे बॉस, बट लास्ट इयर इट वॉज अनदर डे," ती म्हणायची. साहेब समजावायचे की आम्ही पुण्याची जुनी माणसं तिथीने करतो, तारखेचं फॅड आमच्याकडे नाही. मला वाटायचं, चला, या माणसात एक तरी जुनी गोष्ट खरी आहे.

आता इंदूमावशी आणि शांतामावशी. या दोघी सख्ख्या जावा. दोघींचे नवरे गेलेले. इंदूमावशी थोरली, तिचा मुलगा अर्विंगला नोकरीत. त्याने आईबरोबर काकूलाही आणलं होतं, कारण काकूला मूलबाळ नव्हतं आणि तिनेच त्याला खांद्यावर खेळवलं होतं. काय खटपटी केल्या त्याच्या त्यालाच ठाऊक. दोघी नगर जिल्ह्यातल्या एकाच गावी वाढलेल्या, एकाच शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या आणि अर्थातच एकाच मास्तरांच्या हातून एकाच साली एक जूनला जन्मलेल्या. इंदूमावशीला मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या. शांतामावशीला गुडघ्यांपलीकडे काही नव्हतं. साखर तर तिची इतकी छान की मी एकदा म्हटलं होतं, "मावशी, तुमचा रिपोर्ट फ्रेम करून लावा."

साहेबांनी पडद्यावर ही जोडी पाहिली. आडनाव एक, तारीख एक, घर एक, फोन एक, दोघी विधवा. एखाद्या अमेरिकन माणसाने एकीचं नाव इंदू आणि दुसरीचं शांता आहे एवढंच बघून हात मागे घेतला असता. पण साहेब पडले आपल्या संस्कृतीचे जाणकार. त्यांनी ताडलं की लग्नात आपल्याकडे बायकोचं नाव बदलतात. म्हणजे माहेरची इंदू, सासरची शांता, बाई एकच. टिचकी मारली आणि दोन जावांची एक बाई केली. हे त्यांनीच नंतर मला सांगितलं, आणि सांगताना त्या हुशारीचं कौतुक अजून त्यांच्या डोळ्यांत होतं.

त्यानंतर शांतामावशी गुडघा दाखवायला आली. मी बाहेर नमस्कार करून राहिले होते. (करूनच राहिले होते. साहेबांनी आता बोट वर करावं.) आत नवीन तरुण डॉक्टर होता, चांगला होता बिचारा. त्याला पडद्यावर दिसलं की या बाईंना मधुमेह आहे आणि मागच्या वेळी साखर वाढलेली होती. त्याने गोळी वाढवून दिली. विचारायचं नव्हतंच, बघायचं होतं. शांतामावशी 'नी, नी' म्हणत गुडघ्यावर हात मारत होती, तेवढं इंग्रजी तिला नातवाने शिकवलं होतं. डॉक्टरने मान हलवली, चित्रावर टिचकी मारली आणि साहेबांचा आवाज आला, "गोळ्या वेळेवर घ्या." शांतामावशीने त्या आवाजाला हात जोडले. जाताना दारात तिने हिरवं बटण दाबलं. साहेब दात काढून उभे होतेच.

घरी इंदूमावशीने विचारलं होतं म्हणे, "अगं, तुला कधी झाली साखर?"

"मशीनमध्ये आलंय," शांतामावशी म्हणाली. "मशीन कसं चुकेल?" आणि दोघी जावा जोडीने बिनसाखरेचा चहा प्यायला लागल्या. शांतामावशीला त्यात थोडं बरंही वाटलं असणार. जन्मभर थोरलीचं सगळं वापरलं, आता तिचं दुखणंही.

एकादशी आली. शांतामावशी दुपारपर्यंत पाणीही न घेणाऱ्यातली. पण 'गोळ्या वेळेवर घ्या' म्हणून सांगितलेलं. तिने उपाशीपोटी गोळी घेतली आणि साबुदाण्याकडे वळता वळता ओट्यापाशी कोसळली. अंग घामाने थबथबलेलं, जीभ जड, डोळे पांढरे. मुलगा ऑफिसात, सून मुलाला शाळेतून आणायला गेलेली. घरात इंदूमावशी एकटी. पण तिला स्वतःला असं दोनदा झालेलं होतं. तिने डब्यातला गूळ बोटाने कुस्करून जावेच्या हिरड्यांना चोळला, गालात दाबला आणि नातवाने भिंतीवर लिहून ठेवलेला नंबर फिरवला. फोनवर तिला एवढंच म्हणता आलं, "शुगर, शुगर, कम." अँब्युलन्स आली.

मुलाने मला हॉस्पिटलमध्ये बोलवून घेतलं. गोळ्यांची बाटली हातात घेतली आणि वरचं लेबल वाचलं. या बाईला ही गोळी? मी दुसऱ्या सकाळी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले, दार न वाजवता. शांता कोण, इंदू कोण आणि काय झालं ते एका दमात सांगितलं.

"आगं माय!" साहेबांच्या तोंडून निघालं. स्वच्छ, ठसठशीत, कुठल्याच पेठेतलं नसलेलं. क्षणभर मला तो माणूस आवडला. मग त्याने टाय सारखा केला.

"पण पेशंट जिवंत आहे ना?"

"आहे. जावेमुळे."

"आणि व्हिजिटच्या दिवशी," ते पडद्यावर बघत म्हणाले, "त्यांनी हिरवं दाबलंय. मीच उभा होतो तिथे. दे वेअर सॅटिस्फाइड."

मी आयुष्यात माणसांवर हात उचललेला नाही. त्या दिवशी त्यांनी पट्ट्यावरून काढून टेबलावर ठेवलेली ती फुस्सबाटली मात्र उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात घातली. "मी सांगितलं होतं तुम्हाला," मी म्हटलं. "याच खुर्चीसमोर उभं राहून सांगितलं होतं. एक जून."

"मला कसं माहीत असणार, वहिनी?" ते म्हणाले. "आमच्याकडे असं नसतं."

ते हॉस्पिटलमध्ये गेले. फुलं घेऊन गेले. शांतामावशी उशीला टेकून बसली होती, हातात सलाइन. साहेबांना पाहून तिने डोक्यावर पदर घेतला. "आता कसं वाटतंय, मावशी?" "बरंय की." "आपल्या दवाखान्याबद्दल काही तक्रार तर नाही ना?" "नाही वो. तक्रार कशाची? माझंच पोट रिकामं होतं." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलंय. मला त्या बाईच्या चांगुलपणाचा इतका राग आला की मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

शांतामावशी वाचली, पण उजव्या हाताचा कंप राहिला. डोक्याला साखर न मिळाल्याने की पडल्याने, कुणी ठामपणे सांगेना. ती पुरणपोळी लाटायची तशी अर्विंगमध्ये कुणी लाटत नसे. ते संपलं. पुढे ती दवाखान्यात आलीच नाही. मशीनला भीत होती.

साहेबांचं काय झालं? काही नाही. असल्या माणसांचं काही होत नाही. डॅलसला एका मोठ्या सभेत त्यांनी भाषण दिलं. आमच्या दवाखान्यातले शंभरातले जवळजवळ सगळे रोगी डिजिटल नोंदींवर खूश आहेत, असा हिरवागार आलेख दाखवला. शांतामावशीचं हिरवंही त्यात कुठेतरी असणारच. बोर्डाने मात्र, वकिलाच्या भीतीने का होईना, एक गोष्ट केली. नियम उलटा फिरवला. यापुढे काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला नाव आणि जन्मतारीख मोठ्याने विचारायची, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायची. ओळखीचा असो, कुणीही असो. दुभाष्यांनाही आत घेतलं. त्या पत्रकावर सही साहेबांचीच होती, आणि ही कल्पना मुळात आपलीच, असं ते सगळ्यांना सांगत फिरले.

इंदूमावशी गोळ्यांसाठी येतच राहिली. तिला तो नियम फार पटला होता. रोझाने तोंड उघडायच्या आत ती सांगून टाकायची, "इंदू. जून फर्स्ट. शांता नाही. शांता घरी. ती वेगळी." रोझाला शेवटी शेवटी ते मराठीतच पाठ झालं.

पुढच्या कोजागिरीच्या आसपास फ्लूची लस आली. कर्मचाऱ्यांनीही घ्यायची होती आणि त्यासाठी रोग्यासारखी नोंद करायची होती. साहेब रांगेत उभे. त्यांच्या मागे बाकावर मी आणि इंदूमावशी. साहेबांनी कार्ड पुढे केलं आणि दात दाखवले. "यू नो मी, रोझा."

"नेम अँड डेट ऑफ बर्थ, बॉस."

"रोझा, प्लीज. जस्ट लुक."

"नो लुकिंग, बॉस. आस्किंग," रोझा म्हणाली. "युअर रूल." आणि हात बांधून बसली. मागे रांग वाढत होती.

साहेबांनी नाव सांगितलं. मग काउंटरवर वाकून, टाय हाताने धरून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "जून फर्स्ट."

"लाउडर, बॉस."

"जून फर्स्ट!"

पेठा, काटे-सुरी, तिथीने वाढदिवस, मास्तरांवरचा राग, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. माहीत नव्हतं, यावर मी या माणसाला कधीतरी माफ केलंही असतं. पण त्यांना माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी शाळेच्या ओसरीवर त्यांचाही हात धरून कुणीतरी नेलं होतं आणि मास्तरांनी लिहिलं होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगत होते तेव्हा 'हो' एवढा एक शब्द म्हटला असता तर शांतामावशीचा हात आज पोळी लाटत असता. पण 'हो' म्हटलं असतं तर ते पुण्याचे राहिले नसते. एका बाईच्या जिवापुढे त्यांनी पेठ निवडली. मला त्यांची दया आली नाही, आजही येत नाही.

इंदूमावशीला एवढं सगळं कळलं नव्हतं. तिला दोनच शब्द कळले होते, आणि ते तिला चांगले ओळखीचे होते. ती लगबगीने उठली आणि साहेबांच्या शेजारी काउंटरला जाऊन उभी राहिली.

"अगोबाई, साहेब! तुमचीबी एक जूनच का?" ती हरखून म्हणाली. "कंच्या गावची शाळा तुमची?"

साहेबांचे दात, रोग्यासमोर बहुधा पहिल्यांदाच, मिटलेले होते. इंदूमावशीच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र हळूहळू ओसरलं. काहीतरी आठवल्यासारखं तिने एकदा त्यांच्याकडे, एकदा रोझाच्या पडद्याकडे पाहिलं आणि कंबरेला पदर खोचून रोझाला बजावलं, "हे बघ बाई, नीट बघून घाल. हे वेगळे, मी वेगळी. यांचं नि माझं एकात नको घालू."

रोझाने माझ्याकडे पाहिलं. मी दुभाषी होते. मी उभी राहिले आणि शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.